कृष्णविवरात पडणारं आणि कृष्णविवराजवळून उडणारं: जीआरएस १९१५+१०५ च्या निमित्तानं

आर्द्रा

कृष्णविवरातून काहीच बाहेर येत नाही, आणि तरी विश्वातले सगळ्यात जोरकस झोत कृष्णविवरांपाशीच सुटतात. याचा मेळ कसा लावायचा, असं इथे अधूनमधून कुणीतरी विचारतं, एखाद-दुसरा प्रतिसाद येतो आणि विषय तिथेच राहतो. म्हणून वेगळा धागा काढतेय. मोघम बोलण्याऐवजी एकच वस्तू धरते: जीआरएस १९१५+१०५. पडणं आणि उडणं यांचा संबंध घड्याळ लावून बघता येतो तो इथे.

गरुड तारकासमूहात, आपल्यापासून साधारण ३० हजार प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या सुमारे १२ पट वस्तुमानाचं हे कृष्णविवर आहे. एक फुगलेला राक्षसी तारा आणि ते एकमेकांभोवती ३४ दिवसांत फेरी पुरी करतात. ताऱ्याचा वायू सतत कृष्णविवराकडे ओढला जातो. मध्ये आकाशगंगेची धूळ इतकी आहे की डोळ्यांना दिसणारा प्रकाश आपल्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. जे कळलं ते क्ष-किरण, अवरक्त आणि रेडिओ लहरींमधून. ग्रानाट उपग्रहानं ही वस्तू १५ ऑगस्ट १९९२ ला शोधली. १९९४ मध्ये मिराबेल आणि रॉड्रिगेझ यांनी अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणींतून पाहिलं, तर तिच्यापासून विरुद्ध दिशांना रेडिओचे दोन गोळे दूर चाललेले. तेव्हा धरलेल्या अंतराप्रमाणे त्यांचा आकाशातला वेग प्रकाशापेक्षा जास्त भरला. हा भास असतो. गोळा प्रकाशाच्या जवळपास वेगानं थोडा आपल्याच दिशेनं येत असला की त्यानं नंतर सोडलेल्या प्रकाशाला कमी वाट चालावी लागते, आणि आपल्याला सगळं लवकर घडल्यासारखं दिसतं. खरा वेग प्रकाशाच्या ८०-९० टक्क्यांच्या घरात. आपल्या आकाशगंगेत असं काही त्याआधी सापडलं नव्हतं.

वायू सरळ आत का पडत नाही? त्याच्याकडे कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, असतो म्हणून. तो कृष्णविवराभोवती तबकडी धरून फिरतो. तबकडीतल्या चुंबकीय रेषा ताणल्या जातात, त्यातून खळबळ माजते, आतला थर आपला संवेग बाहेरच्या थराला देतो आणि स्वतः थोडा खाली सरकतो. असं सरकत सरकत आतल्या कडेपर्यंत येतो तेव्हा तापमान एक-दोन कोटी अंशांवर गेलेलं असतं आणि क्ष-किरण निघतात. हायड्रोजनचा हेलियम होताना वस्तुमानाच्या ०.७ टक्के ऊर्जा सुटते. न फिरणाऱ्या कृष्णविवराकडे तबकडीतून उतरताना जवळपास ६ टक्के, आणि कमाल वेगानं फिरणाऱ्याकडे ४२ टक्क्यांपर्यंत. म्हणजे ऊर्जेला तोटा नाही. प्रश्न हा की त्यातला काही भाग दोन बारीक झोतांमध्ये का कोंबला जातो.

आता सप्टेंबर १९९७. एकाच वेळी तीन डोळे या वस्तूवर होते: आरएक्सटीई उपग्रह क्ष-किरणांत, हवाईवरची युकेआयआरटी दुर्बीण अवरक्तात आणि व्हीएलए रेडिओत. क्ष-किरण अचानक उतरले आणि काही मिनिटं खालीच राहिले. मग एक टोकदार उसळी आली आणि त्यानंतर ते पुन्हा चढले. त्या उसळीच्या सुमाराला अवरक्त चढायला लागलं. अवरक्त उतरणीला लागलं आणि काही मिनिटांनी रेडिओनं उंची गाठली. साधारण अर्ध्या तासात हे सगळं उरकलं. असे फेरे या वस्तूत पुन्हा पुन्हा येतात.

याचा सरळ अर्थ असा लावला गेला की तबकडीचा आतला भाग रिकामा होतो, पुन्हा भरतो, आणि भरायला लागण्याच्या त्या क्षणी चुंबकीय क्षेत्रासकट प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित वायूचा, एक ढग बाहेर फेकला जातो. ढग फुगत जातो तसा आधी आखूड लहरींत चमकतो, मग लांब लहरींत. म्हणून अवरक्त आधी, रेडिओ मागून. तबकडीत काय चाललंय आणि झोतात काय चाललंय, हे एकाच कागदावर एकाखाली एक काढता आलं, ही मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

नवखा_वाचक

सुरेख लिहिलंय, आर्द्राताई. एक प्राथमिक प्रश्न विचारतो. झोतात जे काही उडतं ते कृष्णविवराच्या आत जाऊन परत आलेलं असतं का? बातम्यांमध्ये "कृष्णविवरानं ओकून टाकलं" वगैरे असतं.

आर्द्रा

नाही. क्षितिजाच्या, म्हणजे जिथून प्रकाशही सुटू शकत नाही त्या सीमेच्या, आत गेलेलं परत येत नाही, त्याला अपवाद नाही. १२ सूर्यांच्या न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या क्षितिजाची त्रिज्या साधारण ३५ किलोमीटर होते. वायूला टिकून फिरता येईल अशी सगळ्यात आतली कक्षा शंभरेक किलोमीटरवर. कृष्णविवर फिरत असेल तर ही कक्षा आणखी आत सरकते. जे काही घडतं ते या पट्ट्यात किंवा त्याच्या जरा वर, क्षितिजाच्या बाहेरच. आत जायला निघालेल्यातलं थोडंसं बाहेरच्या वाटेला लागतं, बाकीचं आत जातं. "ओकलं" हा शब्द बातमीदारांनी सोडला तर बरं होईल, त्यानं वाचकाच्या डोक्यात चुकीचं चित्र पक्कं बसतं.

तिसरा_प्रहर

मग हिशेब सोपा हवा. चुलीत लाकडं जास्त तर धूर जास्त. जितका वायू जास्त पडेल तितका झोत जोरात. तसं दिसतं का?

मृगशीर्ष

तसं दिसत नाही, आणि तिथेच खरी गंमत आहे. मी क्ष-किरणांच्या डेटावर काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताऱ्याएवढ्या कृष्णविवरांच्या ढोबळ दोन अवस्था असतात. एक कठीण अवस्था: आतला वायू पसरट नसून फुगीर, विरळ आणि भयंकर तापलेला, त्यामुळे जास्त ऊर्जेचे क्ष-किरण भरपूर. दुसरी मृदू अवस्था: पातळ, दाट तबकडी पार आतपर्यंत पोचलेली आणि कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांत झळकणारी. कठीण अवस्थेत एक अखंड, आटोपशीर झोत असतो आणि तेवढ्यापुरतं तुमचं म्हणणं बरोबर आहे: क्ष-किरण वाढले की रेडिओही वाढतो, एका ठरावीक प्रमाणात. पण वस्तू मृदू अवस्थेत गेली की वायू भरपूर पडत असूनही झोत विझतो. रेडिओ शेकडो पटींनी खाली येऊ शकतो. पडणं चालू, उडणं बंद.

आणि सगळ्यात मोठे गोळे सुटतात ते या दोन अवस्थांच्या मधल्या ओलांडणीत. फेंडर, बेलोनी आणि गॅलो यांनी २००४ मध्ये हे सगळं एका आराखड्यात बसवलं. त्यानंतरचं माझं आवडतं उदाहरण मॅक्सी जे१८२०+०७० हे कृष्णविवर. मार्च २०१८ मध्ये ते उजळलं, अंतर साधारण १० हजार प्रकाशवर्षं. जुलैमध्ये ते कठीणकडून मृदूकडे निघालं. अंतराळ स्थानकावरचं नायसर हे क्ष-किरण उपकरण त्याच्याकडे बघत होतं. क्ष-किरणांच्या चमकण्यात एक लय असते, सेकंदाला काही ठोके अशी. ती लय एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात गेली आणि दोन-अडीच तासांत रेडिओचा भडका उडायला लागला. पुढे कित्येक महिने दोन्ही बाजूंचे गोळे लांब जाताना रेडिओ दुर्बिणींना दिसत राहिले, चंद्रा उपग्रहाला क्ष-किरणांतही दिसले.

तेव्हा किती पडतंय यापेक्षा कसं पडतंय हा प्रश्न महत्त्वाचा.

तिसरा_प्रहर

हे पटलं, पण पूर्ण नाही. २०११ मध्ये स्विफ्ट जे१६४४+५७ सापडलं होतं. तारा एका दूरच्या आकाशगंगेतल्या महाकाय कृष्णविवराजवळ गेला, फाटला आणि झोत सुरू झाला. जसजसा ताऱ्याचा चुरा संपत आला तसे क्ष-किरण मंदावत गेले आणि ऑगस्ट २०१२ च्या सुमाराला एकदम कोसळले. म्हणजे इंधन कमी झालं, झोत बंद. इथे प्रमाणाचा संबंध दिसतोच ना?

मृगशीर्ष

दिसतो, पण कोसळण्याची तऱ्हा बघा. दीड वर्षाच्या आसपास हळूहळू उतार आणि मग थोडक्या दिवसांत शंभरेक पटींची घसरण. इंधन सावकाश कमी होत होतं, झोत मात्र खटका बंद केल्यासारखा गेला. पडण्याचा दर एका मर्यादेखाली आला आणि फुगीर तबकडी पातळ झाली, असा त्याचा अर्थ लावतात. प्रमाण बदलल्यानं अवस्था बदलते आणि अवस्था झोताला चालवते किंवा बंद करते. तुमचा मुद्दा यात बसतो, फक्त मधली पायरी धरावी लागते.

जुन्नरी

ताऱ्यांच्या फाटण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. २०२२ मध्ये एटी२०२२सीएमसी सापडलं, तसाच झोत, जवळजवळ आपल्याच दिशेनं रोखलेला, साडेआठशे कोटी प्रकाशवर्षांवरून प्रकाश आलेला. त्यावर नजर ठेवणाऱ्यांत लडाखमधल्या हानले इथली ग्रोथ-इंडिया दुर्बीण होती, जिच्यात आयआयटी मुंबईचा सहभाग आहे, आणि आमच्या खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीणसुद्धा.

मी नारायणगावच्या बाजूचा. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. बरेच लोक जवळ येऊन बघतात तेव्हा पहिला प्रश्न विचारतात की यातून आरपार कसं दिसतं? कारण तिथे भरीव पत्राच नाही. स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी, ताणलेल्या दोऱ्यांवर बसवलेली. जीएमआरटी उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांची ती युक्ती. रेडिओ लहरी जाळीच्या भोकांपेक्षा खूप लांब असल्यानं त्यांच्या दृष्टीनं ती जाळी म्हणजे सलग आरसाच, आणि वारा मात्र आरपार जातो. म्हणून एवढा मोठा सांगाडा हलका आणि स्वस्तात उभा राहिला. काही तबकड्या मधल्या एका किलोमीटरभरात दाटीनं आणि बाकीच्या तीन हातांवर, पार २५ किलोमीटर पसरलेल्या, शेतांच्या मध्ये. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला शाळांच्या मुलांची तिथे झुंबड असते.

लांब लहरींत बघण्याचा फायदा असा की जुने, थकलेले झोत दिसतात. ताजा झोत कुठल्याही लहरीत दिसतो. पण झोत बंद पडून कोट्यवधी वर्षं झाली की इलेक्ट्रॉनांची ऊर्जा उतरते आणि ते फक्त लांब लहरींतच उजेड देतात. भुजंगधारी तारकासमूहातल्या एका दीर्घिकासमूहात असाच एक प्रचंड जुना फुगा २०२० मध्ये जाहीर झाला. आधी चंद्रा उपग्रहाच्या चित्रात तप्त वायूला एक कोरल्यासारखी कड दिसली होती, पण एवढी मोठी पोकळी एका कृष्णविवराची असेल यावर विश्वास बसेना. मग ऑस्ट्रेलियातल्या एमडब्ल्यूए रेडिओ दुर्बिणीनं आणि जीएमआरटीनं दाखवलं की ती पोकळी रेडिओनं बरोबर भरलेली आहे. त्याआधीच्या विक्रमी स्फोटाच्या पाचपट ऊर्जा. एका कृष्णविवरानं!

शेजारीण

वाचतेय, फार छान चाललंय. आपल्या आकाशगंगेच्या मध्यातल्या कृष्णविवराचं काय? त्याचं चित्र २०२२ मध्ये आलं तेव्हा झोत कुठे दिसला नाही. आणि एम८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराला मात्र एवढा लांब.

आर्द्रा

शेजारीणबाई, दोघांची तुलना करण्यासारखीच आहे. धनु ए*, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या मध्यातलं, हे ४३ लाख सूर्यांचं. त्याच्यावर वायू इतका थोडा पडतो की आकाराच्या मानानं ते जवळजवळ उपाशी आहे. पक्का, सगळ्यांनी मान्य केलेला झोत तिथे अजून दिसलेला नाही. आकाशगंगेच्या मध्याच्या वर-खाली जे प्रचंड फुगे फर्मी उपग्रहाच्या डेटात २०१० मध्ये दिसले, ते पूर्वीच्या एखाद्या जोरदार काळाचे अवशेष असू शकतात. पण ताऱ्यांच्या स्फोटांनीही तसे फुगे होऊ शकतात.

एम८७ मधलं ६५० कोटी सूर्यांचं. त्याचा झोत हेबर कर्टिस यांना १९१८ मध्येच लिक वेधशाळेत दिसला होता, दीर्घिकेच्या मध्यातून निघालेला एक विचित्र सरळ किरण म्हणून. कृष्णविवर ही कल्पनाच तेव्हा रूढ नव्हती. सुमारे ५ हजार प्रकाशवर्षं लांब आहे तो. २०१९ मध्ये कृष्णविवराभोवतीच्या प्रकाशाच्या कड्याचं चित्र आलं, २०२१ मध्ये त्याच कड्यातल्या प्रकाशाचं ध्रुवीकरण (लहरी कोणत्या दिशेनं डोलतात ते) मोजून चुंबकीय क्षेत्राची ठेवण आली, आणि २०२३ मध्ये साडेतीन मिलिमीटर लहरींत कडं आणि झोताचा पाया एकाच चित्रात दिसले. यातलं २०२१ चं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. कारण क्षितिजाजवळचं चुंबकीय क्षेत्र नुसतं वायूबरोबर फरफटत नाही, वायूला ढकलण्याइतकं बळकट आहे, हे त्यातून दिसलं.

नवखा_वाचक

चुंबकीय क्षेत्र सारखं येतंय. ते नक्की काय करतं? झोताला ऊर्जा पडणाऱ्या वायूची की कृष्णविवराची?

मृगशीर्ष

दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिलं ब्लँडफर्ड आणि झ्नायेक यांचं, १९७७ चं. फिरतं कृष्णविवर आपल्याभोवतीच्या अवकाशालाच ओढत फिरवतं. वायूनं आणलेल्या चुंबकीय रेषा त्या ओढीत पिळल्या जातात आणि तो पीळ वर-खाली सरकत ऊर्जा घेऊन जातो. ऊर्जा कृष्णविवराच्या फिरण्याची. वायूचं काम फक्त चुंबकीय क्षेत्र आणून दाबून धरण्याचं. दुसरं ब्लँडफर्ड आणि पेन यांचं, १९८२ चं: रेषा तबकडीतच रुतलेल्या असतात आणि वायू त्यांच्यावरून बाहेर भिरकावला जातो. इथे ऊर्जा तबकडीची.

पहिल्या उत्तराच्या बाजूनं एक भक्कम गोष्ट आहे. चेखोव्स्कॉय, नारायण आणि मॅकिनी यांनी २०११ मध्ये संगणकावर जोरात फिरणारं कृष्णविवर आणि चुंबकीय क्षेत्रानं गच्च भरलेली तबकडी चालवून बघितली. झोतातून निघणारी ऊर्जा पडणाऱ्या वस्तुमानाच्या १४० टक्के भरली. पडणाऱ्या मालापेक्षा जास्त! ती वायूची असूच शकत नाही, ती कृष्णविवराच्या फिरण्यातूनच आलेली.

आणि अवस्थांशी याचा धागा असा जुळतो. फुगीर तबकडी चुंबकीय क्षेत्र आत ओढून आणू शकते, पातळ तबकडीतून ते निसटून बाहेर राहतं. म्हणून मृदू अवस्थेत झोत विझतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. मलाही.

पुणेकरांसाठी एक: कृष्णविवराच्या फिरण्यातून ऊर्जा काढायची पेनरोज यांची मूळ युक्ती ताऱ्यांच्या जगात चालणार नाही असं मानलं जात होतं. चुंबकीय क्षेत्र जोडीला घेतलं तर ती चालते, हे वाघ, धुरंधर आणि दधीच यांनी १९८५ मध्ये दाखवलं.

आर्द्रा

मृगशीर्ष, तुमच्या प्रतिसादातलं बहुतेक सगळं मान्य. एका ठिकाणी मात्र मी तुमच्याइतकी निश्चिंत नाही. सगळेच झोत फिरण्यातून येतात असं म्हणायला एसएस ४३३ ही आपल्याच आकाशगंगेतली झोत सोडणारी जोडी आडवी येते. तिथल्या झोताचा वेग प्रकाशाच्या २६ टक्के, ठाम, आणि १६२ दिवसांत तो एक गिरकी घेतो. त्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा दिसतात, लोखंडाच्याही. म्हणजे त्या झोतात खराखुरा, जड वायू आहे. नुसत्या क्षितिजाजवळच्या रेषांतून निघालेला झोत मुळात हलका असायला हवा, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनांचा (पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनाचा धन विद्युतभाराचा जुळा). तेव्हा तबकडीचा वाटा काढून टाकता येत नाही.

जीआरएस १९१५ मध्येही हीच अडचण आहे. आतली तबकडी रिकामी होते तेव्हा तो वायू आत गेला की उडाला? ढगात नेमकं किती वस्तुमान आहे हे त्यात प्रोटॉन आहेत की पॉझिट्रॉन यावर अवलंबून, आणि रेडिओच्या उजेडातून ते थेट कळत नाही.

जुन्नरी

क्ष-किरण उतरण्याचे प्रकारही एकसारखे नाहीत ना? मुंबईच्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मंडळींनी यावर बरंच काम केलंय. भारतानं मार्च १९९६ मध्ये पीएसएलव्हीतून आयआरएस-पी३ सोडला, त्यावर क्ष-किरणांचं एक छोटं उपकरण होतं. त्यानं याच जीआरएस १९१५ चे सावकाश चढणारे आणि झपकन उतरणारे भडके टिपले होते.

मृगशीर्ष

बरोबर. बेलोनी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये या वस्तूच्या वागण्याचे १२ वर्ग केले, प्रत्येकाला ग्रीक अक्षर. काही उतारांत वर्णपट कठीण होतो, काहींत मृदू. टीआयएफआरच्या गटानं मांडलं की मोठे रेडिओ भडके मृदू उतारांशी जोडलेले आहेत: आतला तापलेला भागच उडून गेला, म्हणून क्ष-किरण मृदू झाले. मला हे जास्त पटतं, कारण जे नाहीसं झालं आणि जे दूर जाताना दिसलं ते एकच ठरतं. अर्ध्या तासाच्या फेऱ्यात ती टोकदार उसळी आहे, तिच्या लगेच नंतरचा बदलही बघा. कठीण भाग तिथेच गळतो. पुढे टीआयएफआरनंच बनवलेलं लॅक्सपीसी हे क्ष-किरण उपकरण घेऊन अॅस्ट्रोसॅट उपग्रह सप्टेंबर २०१५ मध्ये गेला आणि त्यानंही ही वस्तू पाहिली.

शेजारीण

ती अजून तशीच धडधडतेय का?

मृगशीर्ष

नाही. १९९२ पासून जवळपास २६ वर्षं ती उजळ होती, २०१८ च्या मध्यात क्ष-किरण मंदावले. सगळ्यांना वाटलं आता शांत होणार. २०१९ पासून मात्र रेडिओत जोरदार भडके दिसायला लागले, क्ष-किरण मंदच. कृष्णविवराजवळ दाट वायूचा पडदा आला असावा आणि त्यामागे पडणं चालूच असावं, असं त्यावरून म्हणतात. रेडिओ नसता तर ही वस्तू झोपली असं आपण लिहून मोकळे झालो असतो.

ज्यांना स्वतः बघायचंय त्यांच्यासाठी: अंतराळ स्थानकावरच्या जपानी मॅक्सी उपकरणाचे आलेख सगळ्यांना खुले आहेत. त्यांच्या संकेतस्थळावर वस्तूचं नाव शोधा, रोजची मोजमापं मिळतात. २००९ पासूनचा आलेख काढून २०१८ च्या आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवा. मृदू आणि कठीण पट्टे वेगळे दिलेले असतात, त्यांचं गुणोत्तर काढलंत तर अवस्था कुठे बदलते ते दिसतं. सुरुवात मॅक्सी जे१८२०+०७० पासून करा, मार्च ते नोव्हेंबर २०१८. तो आलेख स्वच्छ आहे, जीआरएस १९१५ पहिल्याच फटक्यात गोंधळात टाकेल. अॅस्ट्रोसॅटचा डेटाही इस्रोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतो, पण त्याला संगणकावर बरीच तयारी लागते.

नवखा_वाचक

मॅक्सीचा आलेख उघडला. जुलै २०१८ मध्ये मृदू पट्टा एकदम वर जातो आणि कठीण खाली. तुम्ही म्हणता तो रेडिओचा भडका याच ओलांडणीतला ना?

मृगशीर्ष

हो, तोच. ६-७ जुलैच्या आसपास बघा.